केसपेपरवर माझं दुखणं कुठे लिहायचं?

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दुखण्याची ओपीडी सुरू करण्याबाबत

आदरणीय डॉक्टरसाहेब आणि डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मी पहिल्यांदा हे दुखणं घेऊन उभी राहिले, तेव्हा आतल्या मुलानं विचारलं, "कुठं दाखवायचंय?" मी म्हटलं, "दुखतंय." "काय दुखतंय?" "छातीच्या खाली. कातडीला आग होते. पण कातडी आता बरी आहे." माझ्यामागं तीस-चाळीस माणसं ताटकळत होती. त्यानं 'स्किन' लिहून कागद हातात दिला. स्किनच्या डॉक्टरांनी पाहिलं, डाग जुने आहेत म्हणाले आणि मेडिसिनला पाठवलं. तिथं ईसीजी काढला, तो चांगला आला. तिथून हाडांच्या विभागात गेले. एक्स-रे झाला, तोही चांगला. दुपारी ओपीडी बंद झाली तेव्हा माझ्या हातात तीन विभागांच्या सह्यांचा एक केसपेपर आणि पाच दिवसांच्या गोळ्या होत्या. तिन्ही डॉक्टर माझ्याशी नीट बोलले, कुणी हिडीसफिडीस केली नाही. सगळं नॉर्मल आहे असं ऐकून मी घरी आले आणि ती रात्र भिंतीला उजवा खांदा टेकून बसून काढली.

तो दवाखाना कुठला हे मी लिहिणार नाही. कुठल्याही जिल्ह्यात माझं हेच झालं असतं, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

मी कृष्णाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ५६. दुखणं डाव्या बाजूला, स्तनाच्या खालून निघून काखेखालून पाठीच्या कण्यापर्यंत, चार बोटं रुंदीचा पट्टा. हे २०२१ च्या आषाढात सुरू झालं. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती, त्यामुळे छातीत आग होतेय म्हटल्यावर घरचे घाबरले. दोन दिवसांनी त्याच जागी लाल पुरळ उठलं, त्यात पाणी भरलं, आणि शेजारच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या, "नागीण आहे ही."

नागिणीबद्दल आमच्याकडे काय बोलतात हे तुम्हाला ठाऊक असेल. तोंडाला शेपूट लागलं की माणूस राहत नाही. सुई टोचून घेतली तर ती आत शिरते. म्हणून दुर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावायचा, पथ्य करायचं आणि गप्प पडून राहायचं. मी स्वतः २६ वर्षं बायकांना सांगत आले की अंगावर काढू नका, दवाखान्यात जा. आणि मी मात्र सहाव्या दिवशी गेले. लेपावर विश्वास होता असं नाही. जागा अशी होती की परक्या पुरुष डॉक्टरपुढे ब्लाउज काढायचा धीर झाला नाही. आशाताई रोज दारावरून जायच्या, त्यांनाही मी दाखवलं नाही. ही माझी चूक मी इथं लिहितेय, कारण माझ्यासारख्या कितीतरी बायका हीच चूक करत असणार आणि ती त्यांच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जे तेव्हा कुणी सांगितलं नाही ते मला पुढं कळलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंची मुळं असतात, तिथं तो वर्षानुवर्षं पडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या नसेच्या वाटेनं बाहेर येतो. तीच नागीण. डाव्या नसेचा पसारा डाव्याच अंगाला असतो, म्हणून पुरळ अंगाच्या मध्यावर येऊन थांबतं. तोंडाला शेपूट लागायची वेळ सहसा येतच नाही. हे एवढं एक वाक्य गावोगावच्या भिंतींवर लिहिलं तरी निम्मी भीती जाईल. आणि दुसरं वाक्य हे, की पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या ८०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पुढचं दुखणं त्यानं हमखास टळतंच असं नाही, हेही मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण नागीण लवकर आटोक्यात येते आणि सुरुवातीचे दिवस सुसह्य होतात. माझे ते ७२ तास लेपाखाली गेले.

पुरळ महिन्याभरात वाळलं, खपल्या पडल्या. घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला. दुखणं तिथंच राहिलं.

पुरळ गेल्यावर तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, आणि पन्नाशी-साठीनंतर नागीण झालेल्यांमध्ये ते राहण्याची शक्यता वाढत जाते. विषाणूनं नस जखमी केलेली असते. ती नस काही कारण नसताना निरोप पाठवत राहते, आणि मणक्यातली मज्जारज्जू ते निरोप मोठे करून मेंदूला ऐकवते. म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही, रक्तात काही सापडत नाही, आणि दुखतं ते मात्र खरं असतं. हे समजावून सांगणारं माणूस मला चौदा महिन्यांनी भेटलं. ते चौदा महिने मी स्वतःलाच विचारत होते की मी नाटक तर करत नाही ना.

हे दुखणं बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मला धक्का सोसतो, स्पर्श सोसत नाही. तळहातानं ती जागा घट्ट दाबून धरली तर बरं वाटतं, पण पदराचं टोक नुसतं घासून गेलं तरी विस्तव ओढल्यासारखं होतं. पंख्याचा वारा नको वाटतो. उन्हाळ्यात घरचे पंख्याखाली झोपतात आणि मी स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला अंथरूण टाकते. ब्लाउजच्या आत मी मालकांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियन घालते, तेही उलटं, शिवण बाहेर ठेवून. शिवणीचा एक धागा आत आला तरी दिवसभर तो धागाच डोक्यात राहतो. गणवेशाची साडी नवी असते तेव्हा तिला तीनदा भिजवून, चोळून मगच नेसते.

अंगणवाडीतली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे एक साडेतीन वर्षांची पोर होती. रोज सकाळी दारातून धावत यायची आणि माझ्या कमरेला मिठी मारायची. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला दिवस होता. मी पोषण आहाराची पोती मोजत पाठमोरी उभी होते, आणि ती डावीकडून येऊन चिकटली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अशी किंकाळी की मदतनीस ताईंच्या हातातलं पातेलं पडलं. पोर दोन पावलं मागं गेली आणि भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिली. रडलीसुद्धा नाही. पुढचे आठ दिवस ती माझ्याजवळ आली नाही. घास भरवायला गेले तर मान फिरवायची. दुखणं शून्य ते दहापैकी किती असं डॉक्टर विचारतात, पण त्या आठ दिवसांत मला जे झालं ते कुठल्या तक्त्यात बसणार नाही. मग एक दिवस मी तिला जवळ बसवून सांगितलं की बाईंच्या या बाजूला बाऊ आहे. तिनं खूप वेळ विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ती दारात थांबायची, हात वर करून विचारायची, "बाई, ही बाजू ना?" आणि उजवीकडून यायची.

गोळ्यांबद्दल. पहिले सहा महिने मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, म्हणजे नेहमीची अंगदुखीची गोळी, आणून खाल्लं. चिठ्ठी जुनीच, दुकानदार ओळखीचा. दोन तास बरं वाटल्यासारखं व्हायचं, पण नसेच्या दुखण्यावर या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही हे मला माहीत नव्हतं. पायाला सूज आली, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा घाबरून थांबले. गावाकडं विचारा, गुडघा असो, कंबर असो, पायाची आग असो, घरोघरी फळीवर याच गोळ्या आहेत आणि त्या वर्षानुवर्षं पोटात जातायत. सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की झालं असं लोक समजतात. मूत्रपिंडाचं कुणी सांगत नाही.

चौदा महिन्यांनी माझ्या भाचीनं मला एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या मॅडम गुरुवारी दुपारी दुखण्याचे पेशंट बघतात. एक टेबल, दोन खुर्च्या, मागं पडदा. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि माझ्या पाठीवर उजवीकडून डावीकडे हळूच फिरवत आणला. पट्ट्याच्या कडेला बोळा आला तशी मी ओरडले. त्यांनी पेननं तिथं ठिपका काढला. असे ठिपके जोडून त्यांनी माझ्या दुखण्याचा नकाशा काढला आणि आरशात मला दाखवला. माझ्या दुखण्याला हद्द आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या टेबलापाशी मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

त्यांनी अमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री घ्यायला सांगितली आणि गॅबापेंटिन हळूहळू वाढवायला सांगितलं. लगेच फरक पडणार नाही, दोन-तीन आठवडे द्या, तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल, अचानक बंद करू नका, हे सगळं सांगितलं. पण दुसऱ्या महिन्यात गोळ्या आणायला आमच्या बाजारपेठेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलानं सगळ्यांदेखत विचारलं, "डिप्रेशनची गोळी कुणाला लागते?" घरी आल्यावर मुलगा, सून एकमेकांकडे बघत राहिले. मी ती गोळी टाकून दिली. दोन महिने परत जागरणं केली. मग मॅडमनी मुलाला फोनवर समजावलं, की एवढ्या कमी मात्रेत ही गोळी नसेचे निरोप शांत करायला देतात. हे वाक्य गोळी देतानाच घरच्यांसमोर बोललं गेलं पाहिजे आणि चिठ्ठीवर मराठीत लिहिलं गेलं पाहिजे. अमिट्रिप्टिलीन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, महागही नाही. तिच्याबद्दल दोन वाक्यं सांगायची राहून गेली म्हणून माझे दोन महिने गेले.

आज माझं दुखणं दहापैकी तीन-चारवर असतं. पूर्वी आठ असायचं. शून्य झालेलं नाही, आणि कदाचित होणारही नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते ऐकून वाईट वाटण्याऐवजी मला हायसं वाटलं. शून्याची वाट बघायची थांबले तेव्हा कुठं जगण्याची घडी बसवायला लागले. आधी माझं असं व्हायचं, की एखाद्या दिवशी बरं वाटलं की वर्षाचं दळण-कांडण, माळा साफ करणं, राहिलेल्या गृहभेटी, सगळं त्या एका दिवसात उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं. आता बरं असो वा नसो, वीस मिनिटं काम झालं की उठते, पाणी पिते, मग परत बसते. पोषण ट्रॅकरवरची नोंद सकाळीच करते, कारण संध्याकाळी आग वाढते. आग जास्त असेल त्या दिवशी मुलांना गोष्ट सांगते, उचलायची कामं मदतनीस ताई करतात, आणि त्याबदल्यात त्यांची रजिस्टरं मी लिहिते. यातलं निम्मं मला मॅडमनी शिकवलं, निम्मं माझं मीच शोधलं. पण शिकवायला कुणीतरी लागतं. जिल्ह्याला असं एक तरी माणूस हवं, आणि ते तुमच्या इमारतीत असावं असं मला वाटतं.

आता माझं मागणं.

आठवड्यातून एक दिवस, एक खोली, दारावर 'दुखण्याची ओपीडी' अशी मराठी पाटी. खिडकीतल्या मुलानं "तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखतंय का?" एवढं विचारावं आणि हो म्हटलं की तिकडं पाठवावं. तीन महिने ही मर्यादा माझ्या मनाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तीन महिन्यांपलीकडच्या दुखण्याला स्वतःची नोंद मिळाली आहे. ज्या दुखण्याला जगाच्या यादीत जागा झाली, त्याला आपल्या केसपेपरवर व्हायला हरकत नसावी.

नवीन डॉक्टर नेमा असं मी म्हणत नाही, पदं किती रिकामी असतात हे मी जाणते. पण तुमच्याकडे भूलतज्ज्ञ असतात. केरळात कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात १९९३ मध्ये वेदना आणि उपशामक उपचारांचं, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यात पुढाकार घेणारे डॉ. एम. आर. राजगोपाल भूलशास्त्राचेच प्राध्यापक होते. त्यातून पुढं केरळात गावोगावी काम उभं राहिलं आणि २००८ मध्ये त्या राज्यानं उपशामक सेवेचं स्वतःचं धोरण आणलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत, आणि बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात आहे. यायची वाट सोपी झाली आहे. आल्यावर कुठल्या दारात उभं राहायचं तेवढं ठरवायचं राहिलंय.

त्या बाकावर एकटे नागीणवाले बसणार नाहीत. साखरेमुळे पायाची आग होऊन रात्री फरशीवर तळवे टेकून बसणारे असतील. कुष्ठरोग बरा झाला पण नसा दुखतात असे असतील. उसाच्या मोळ्या वाहून कंबर गेलेल्या बायका असतील, स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर काखेत कळा येणाऱ्या असतील, पाय कापला तरी नसलेला पाय दुखतो म्हणणारे असतील. आज ही सगळी माणसं वेगवेगळ्या विभागांत 'नॉर्मल' होऊन घरी जातात.

गोळ्या लागू पडल्या की एका महिन्याच्या द्या. पाच दिवसांच्या गोळ्यांसाठी चाळीस किलोमीटर एसटीचे धक्के खात आलं, की आणलेल्या गोळ्या त्या प्रवासाचं दुखणं शमवण्यातच जातात. जनआरोग्य योजनेचं कार्ड माझ्याकडे आहे, पण ते दाखल झाल्यावर कामाला येतं. रोजच्या रात्रीच्या गोळीला नाही.

आशाताईंना नागिणीचे ७२ तास शिकवा. लसही आहे, २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांना दोन डोस. त्या दोन डोसांची किंमत माझ्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त आहे, म्हणून तो आग्रह आज धरत नाही. पण ७२ तासांची गोष्ट सांगायला पैसे लागत नाहीत. आणि बाईला तपासायला शक्यतो बाई असावी, निदान पडदा आणि शेजारी नर्स असावी. माझे सहा दिवस त्यापायी गेले.

शेवटची गोष्ट शब्दांची. केसपेपरवर माझ्या दुखण्याला 'पेन' एवढाच शब्द होता. आपल्या भाषेत दुखण्याला एक शब्द कधीच नव्हता. नसेचं दुखणं ओळखायला डॉक्टरांकडे डीएन-फोर नावाचे दहा प्रश्न असतात, चार किंवा जास्त जुळले की नसेचा संशय घ्यायचा, असं मॅडमनी सांगितलं. त्यातले कितीतरी प्रश्न म्हणजे आमच्या बायकांच्या तोंडचे शब्दच आहेत. आग होते का, मुंग्या येतात का, टाचण्या टोचतात का, शॉक बसल्यासारखं होतं का, जागा बधिर आहे का. बाई "आग होते, चमक निघते" म्हणते तेव्हा ती निम्मं निदान सांगत असते. "ठणकतं" म्हणते तेव्हा वेगळं सांगते, "रग लागते" म्हणते तेव्हा अजून वेगळं. ती घाईत, लाजत, एकदाच बोलते. तेवढं जसंच्या तसं मराठीत लिहून घ्यावं ही विनंती.

आमच्या बचत गटाच्या गेल्या बैठकीत मी बायकांना विचारलं की तुमचं दुखणं कसं दुखतं ते सांगा. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली, "कुणी विचारलंच नाही कधी," आणि नंतर दीड तास बैठक संपेना. ठणका, कळ, सणक, चमक, शूळ, आग, रग, ओढ, टोचणी, मुंग्या, बधिरपणा, जडपण. प्रत्येकीनं आपला शब्द सांगितला आणि तो कधी, कुठं, कसा येतो ते सांगितलं. मी ते एका कागदावर उतरवून काढले आहेत, शब्दापुढं अर्थ असे. तो कागद या पत्राला जोडते आहे. टेबलाच्या काचेखाली मावेल एवढाच आहे.

आपली नम्र,
कृष्णाकाठच्या एका गावातली अंगणवाडी सेविका